स्टीलचं सोवळं

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर म्हणजे तर कोंबडीचे पाय आहेत. उजव्या हाताची दोन बोटं जुन्या भाजण्याने कडक झाली आहेत, टाक नीट धरता येत नाही. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती वही लागलीच तर त्याने रागावू नये, पोटात घालावं. आजवर मी लिहिलं ते फक्त मनिऑर्डरीच्या कुपनावर. तिथे चार ओळींपेक्षा जास्त मावत नाही. आज पहिल्यांदाच जागा भरपूर आहे, आणि लिहायचं आहे मेस्त्रींविषयी.

मेस्त्रींचा चेहरा मला नीट आठवत नाही. दीड वर्ष ते आमच्या दुकानात रोज येत होते, पण मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं असेल ते चार-दोन वेळा. तेही माझ्याकडे पाहत नसत. ते सांध्याकडे बघून बोलत. रागवायचे तेही सांध्यावरच. "का रं, वाकडा का चाललास?" असं ते पत्र्याला म्हणाले की मी माझा हात सरळ करायची. माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला असा गुरू मिळाला हे माझं नशीब. मला आठवतात ते त्यांचे हात. डाव्या अंगठ्याला अर्धंच नख होतं, मनगटावर ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते, आणि बोटं इतकी स्थिर की माशी बसली तरी तिला वाटावं आपण खुंटीवर बसलो आहोत.

साताऱ्यात पेठेच्या उतारावर आमचं कल्हईचं दुकान. भांड्यांना कल्हई लावायची आणि फुटकी भांडी झाळून, म्हणजे सांधून, द्यायची, एवढाच धंदा. मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, भट्टीच्या धुराने दमा जडला. झाळकामाला फुंकणी लागते. बारीक नळी ओठात धरून एका दमात फुंकर मारायची, म्हणजे ज्योत सांध्यावर नेमकी जाते. मालकांना तेवढा दम पुरेना. मग ती फुंकणी मी धरली. दुकानाच्या मागच्या अर्ध्यात गोणपाटाचा पडदा लावला. पुढे मालक बसून गिऱ्हाईकाशी बोलत आणि पडद्याआड मी काम करी. तीन वर्षं सगळी पेठ समजत होती की काम मालकच करतात.

मेस्त्री पहिल्यांदा आले ते कुणाचा तरी झाळलेला तांब्या हातात फिरवत. उभ्या उभ्या सांध्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो डाग कुणी दिला?"

मालक म्हणाले, "मीच की."

"तुमी दोन शबूद बोलायला थांबून दम घेतलायसा. ह्यो डाग एका दमात मारलाय. ह्या मानसाला दमा न्हाई."

मी पडद्याआड हातातली फुंकणी खाली ठेवली. मेस्त्री तांब्या ठेवून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. या वेळी त्यांनी एक ताट आणलं होतं, पांढरं, चकचकीत, कोपऱ्याला चिरलेलं. फौजेतलं ताट. लढाई संपल्यावर असा माल लिलावात निघाला आणि मोठ्या लोकांच्या घरांत ती ताटं, ते डबे दिसू लागले होते. लोक त्याला बिनकल्हईचं भांडं म्हणत. तो शब्द कानावर आला की मालकांचा चेहरा उतरे. पितळेला सहा महिन्यांनी कल्हई लागते, त्यावर आमची चूल पेटायची. कल्हईच लागत नाही अशी भांडी घरोघर झाली तर आम्ही काय करायचं?

"ह्ये स्टील," मेस्त्री म्हणाले. "ह्याला कल्हई नगं, पर ह्येबी फुटतंय. फुटलं की साऱ्या साताऱ्यात ह्येला हात लावणारा कोन हाय? मी एकटा. अन् मी काय हितं जन्मभर न्हाई. त्या आतल्या मानसाला शिकवतो."

मालक म्हणाले, "आतलं मानूस म्हंजे आमची मंडळी हाय."

"मग वैनींना शिकवतो," मेस्त्री ताटाकडे बघत म्हणाले.

ते मूळचे पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. घरची मेंढरं. लढाईत भरती झाले आणि फौजेच्या वर्कशॉपात गॅसचं वेल्डिंग शिकले. आधी इराकात होते, मग बंगळूरला. सुटून गावी आले तेव्हा बायको वारलेली. ती गेल्याचं पत्र त्यांच्या मागे मागे इराक फिरून आलं आणि ते घरी पोहोचल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्याच हातात पडलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पत्र्याला टाके, म्हणजे वेल्डिंगचे सुटे ठिपके, घालता घालता. शेवटी म्हणाले, "टाके जवळजवळ घाला वैनी. लांब घातले तर पत्रा वाकतो." मी टाके जवळ घातले.

सुटताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी पुण्याच्या लिलावात वेल्डिंगचं सगळं सामान घेतलं होतं. ज्योतीचा टॉर्च, नळ्या, गॅसचा दाब दाखवणारी घड्याळं, काळे चष्मे, कार्बाइडपासून गॅस करायचा डबा आणि ऑक्सिजनचा रिकामा बाटला. त्या सामानावर त्यांचा फार जीव. ऑक्टोबरच्या भर उन्हात फौजेचा जाड ओव्हरकोट घालून ते हातगाडी ढकलत आमच्या दारात आले. पायात बूट, पण मोजे नाहीत. कुणी हसलं तर म्हणायचे, "ठिणगीला म्हैना कळत न्हाई."

शिकवणी सुरू झाली आणि पहिला महिनाभर त्यांनी मला ज्योत दाखवलीच नाही. डाव्या हातात खराट्याचा एक हीर दिला. हात जागेवर ठेवायचा आणि फक्त अंगठ्याने हीर पुढे सरकवायचा, कारण पुढे ज्योतीत वितळायची तार अशीच पुरवायची असते. हीर संपला की दुसरा. पाणी आणताना, कालवण ढवळताना, देवळात जाताना, डाव्या हातात हीर चालूच. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, खराटा मोडून गिळतीस का काय?" मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पण वाती वळून माझी बोटं तयार होती, आठ दिवसांत हीर आपोआप सरकू लागला. मेस्त्रींनी तो पाहिला आणि म्हणाले, "चालंल." त्यांच्या तोंडी शाबासकीचा हा एकच शब्द होता. दीड वर्षात मी तो नऊ वेळा ऐकला.

त्यांना स्वतःच्या हाताचीही परीक्षा घ्यायची खोड होती. सकाळी दुकानात आले की चहा बशीत काठोकाठ ओतायचा, इतका की वर फुगवटा यावा, आणि तशीच बशी उचलून तोंडाला लावायची. सांडला तर त्या दिवशी स्टीलला हात लावायचा नाही, नुसतं लोखंडाचं काम. एकदा लागोपाठ तीन दिवस चहा सांडला. चौथ्या दिवशी मालकांनी बशी अर्धीच भरून पुढे केली. मेस्त्रींनी ती परत केली. म्हणाले, "मला फशिवता येतंय हो. स्टीलला न्हाई."

ज्योत पेटवायचा दिवस आला तेव्हा त्यांनी गोणपाटाच्या पडद्याकडे बोट केलं. "ह्ये काढा."

मालक चपापले. "मेस्त्री, बाईमानूस हाय. लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील ते उद्या. पोतं पेटंल ते आज. कोंदट जागंत ह्यो गॅस कोंडला तर तुमी, मी, वैनी, तिघंबी शेजारच्या आळीत जाऊन पडू."

पडदा निघाला. मी रस्त्याकडे पाठ करून बसले. काळा चष्मा लावला होता, पदर कमरेला खोचला होता, आणि मला वाटत होतं सबंध पेठ माझ्या पाठीकडे बघते आहे. खरंच काही लोक थांबले होते. त्यातल्या एकाने मालकांना विचारलं, "म्हंजे मालक, काम वैनीच करत्यात व्हय?"

मी तार हातात धरून बसले होते. मग मालक म्हणाले, "व्हय. मला फुंकर जमत न्हाई. तीन वरसं तीच करतीया."

त्या वाक्याचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. पण पडदा काढायला लावणारे मेस्त्री होते, हेही खरं.

त्यांची शिकवण सगळी मेंढरांच्या भाषेत. पत्रा वितळून जो बारीकसा थेंब तयार होतो, त्याला ते कळप म्हणायचे. "कळपाला मागनं हाकायचं न्हाई. म्होरं ऱ्हाऊन बोलवायचं. अन् एकदा म्होरं गेला की मागं वळवायचा न्हाई." थेंब रेंगाळला तर ते जिभेने टकटक आवाज करायचे, तसा आवाज आजही माझ्या तोंडून आपोआप निघतो. तारेचं टोक ज्योतीच्या सावलीतून बाहेर काढायचं नाही, बाहेरची हवा लागली की ते काळं पडतं. काम झाल्यावर सांध्याचा रंग बघायचा. गव्हाच्या काडीसारखा पिवळा आला तर उत्तम, निळा आला तर ठीक, काळा आला तर कापून पुन्हा. "स्टील वितळलं की लय लाजाळू," ते म्हणायचे. "वाऱ्याच्या नदरंला पडू द्यायचं न्हाई. झाकून धरायचं."

झाकण्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. बंगळूरला अमेरिकनांची एक शेड होती, विमानाचे भाग जोडायची. तिथल्या एका सार्जंटने त्यांना एक दिवस आत घेतलं होतं. तिथे ज्योत नव्हती. विजेची एक बारीक ठिणगी होती, सुईच्या टोकावर उभी राहिलेली, आणि तिच्याभोवतीनं एक गॅस येत होता. तो गॅस जळत नाही, जाळत नाही, त्याला वास नाही. तो फक्त वितळल्या धातूवर पांघरुणासारखा राहतो आणि हवेला जवळ येऊ देत नाही. धूर नाही, लेप नाही, खपली नाही. "सांधा असा व्हतो वैनी, जसा कधी तुटलाच नव्हता." सार्जंटने त्यांच्या हातात ती मूठ दिली आणि त्यांनी वीतभर सांधा मारला. वीतभरच. मग शिट्टी झाली आणि ते आपल्या वर्कशॉपात परत गेले.

ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली त्याची मोजदाद नाही. दर वेळी त्यात काही नवीन असे. एकदा सांगितलं की ती ठिणगी गुणगुणते. एकदा सांगितलं की मूठ गार होती. ऐकता ऐकता मलाही त्या शेडची ओढ लागली. मी साताऱ्याबाहेर माहेरच्या गावापलीकडे गेले नव्हते, पण डोळे मिटले की बंगळूरची ती शेड मला दिसे, आणि आत मेस्त्री एकटेच उभे असत.

आता सोवळ्याची गोष्ट. मेस्त्री कुणाच्याही घरी जेवत, कुणाच्याही हातचं पाणी पीत. पण स्टीलला घासायचा जो ब्रश होता त्याचं त्यांनी कडक सोवळं पाळलेलं. तो धुतलेल्या फडक्यात गुंडाळून उंच खुंटीवर टांगलेला असे. लोखंडाला लागलेला हात त्याला लावायचा नाही, लोखंडाच्या हत्यारांशेजारी तो ठेवायचा नाही. मालक त्यांना चिडवायचे, "मेस्त्री, भटजी झाला असता तर बरं झालं असतं." ते म्हणायचे, "मानसाला इटाळ न्हाई. स्टीलला हाय."

त्या साली एका इस्पितळातून शस्त्रं उकळायचं स्टीलचं भांडं आलं. बुडाला भेग. मेस्त्री म्हणाले, हे वैनी एकट्या करतील, मी बाहेर बसतो. त्या भांड्यावर आमची पुढची सगळी कामं होती, कारण नीट झालं तर इस्पितळ सगळीच भांडी पाठवणार होतं. मी सांधा मारला. पाठीमागून तांब्याची पट्टी लावली, म्हणजे तिकडची बाजू काळी होत नाही आणि तांबं स्टीलला चिकटत नाही. रंग गव्हाच्या काडीचा आला. सोवळ्यातल्या ब्रशने घासलं, भांडं लखलखीत झालं, इस्पितळाला गेलं. आठ दिवसांनी कंपाउंडर ते परत घेऊन आला. सांध्याच्या दोन्ही अंगांना तांबूस गंजाची रेघ उठली होती.

कंपाउंडर रस्त्यातूनच म्हणाला, "गंजत नाही म्हणून सांगितलं होतं. बायकांच्या हाती कामं दिल्यावर दुसरं काय होणार?"

मालक खाली बघत होते. मेस्त्रींनी भांडं उचललं, गंजाची रेघ अंगठ्याने चोळली आणि ब्रश मागितला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, मग उन्हात धरला. तारांच्या मुळाशी लाल कुंकू होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खंडेनवमी होऊन गेली होती. त्या दिवशी मी दुकानातली सगळी हत्यारं पूजेसाठी काढली. हातोड्या, कानशी, चिमटे, लोखंडाचे ब्रश आणि सोवळ्यातला तो ब्रश, सगळं एका घमेल्यात एकाच पाण्याने धुतलं. पाटावर ओळीने मांडलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लोखंडाची धूळ त्या पाण्यातून स्टीलच्या ब्रशात गेली, ब्रशातून भांड्यात गेली आणि भांड्यात गंजली. मी देवाचं म्हणून केलं आणि त्यानेच घात झाला.

मी ते सगळं सांगितलं. मेस्त्रींनी ब्रश बाजूला ठेवला. मग म्हणाले, "देवाला सगळी हत्यारं सारखी. स्टीलला न्हाईत." आणि कंपाउंडरला म्हणाले, "सांधा धड हाय. गंज वरचा हाय, आमच्या ब्रशाचा. दोन दिस द्या."

फौजेत असा गंज काढायला तेजाब होतं. आमच्याकडे ते नव्हतं. मी भीत भीत म्हटलं, "लिंबाच्या रसानं निघंल का? तांब्याचं निघतंय."

"तांब्याचं निघतंय म्हून स्टीलचं निघंल?" त्यांनी भांड्याला विचारलं. भांडं काही बोललं नाही. मग स्वतःच म्हणाले, "बघू."

मी बाजारातून शंभर लिंबं आणली. कढत रसात भांडं दिवसभर ठेवलं. संध्याकाळी धुऊन उन्हाच्या शेवटच्या तिरपीत धरलं तर रेघ नव्हती. पंधरा दिवस ते आम्ही ओलं-कोरडं करून पाहिलं, कंपाउंडर दोनदा हेलपाटा घालून रिकामा गेला, पण गंज परत आला नाही. मेस्त्रींनी खिशातली छोटी वही काढून त्यात लिहिलं, लिंबं शंभर. आणि म्हणाले, "चालंल." हा नऊपैकी सर्वांत मोठा.

इस्पितळाची कामं आली. आणि सहा महिन्यांत मेस्त्री जायला निघाले. सांगलीच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली होती. तिथे सामान कारखान्याचं, त्यामुळे त्यांनी आपलं सगळं सामान आमच्याकडे सोडलं. मालकांनी किंमत विचारली. ते म्हणाले, "लिलावात दिली तेवढीच. एकशे साठ. जमंल तसं द्या. पर एक हाय. पैसं पुरं फिटत न्हाईत तवर सामान माझं अन् वैनी माझ्या हाताखाली. काय अडलं तर मला इचारायचं. पुरं फिटलं की सामान वैनींचं. मग त्यांनी कुनाला इचारायचं न्हाई."

दर महिन्याला मी पोस्टात जाऊन पाच रुपयांची मनिऑर्डर करू लागले. कुपनावर एक सवाल लिहायची. पत्रा कागदासारखा पातळ आहे, भोक पडतं, काय करू. आठवड्याने पोचपावती येई, तिच्यावर त्यांची इंग्रजी सही, आणि मागून एक कार्ड. "तारेचा गारवा द्या. तार आधी, ज्योत मागून." दुसऱ्या महिन्यात दुसरा सवाल. त्यांची कार्डं मी सगळी ठेवली आहेत. त्यांत कामाशिवाय एक अक्षर नाही. फक्त एकात शेवटी लिहिलं होतं, इथे स्टीलचं काम नाही, बिडाचं, ओतीव लोखंडाचं आहे, हात जड होत चालला.

धंदा बरा चालला होता. मालक म्हणायचे, "आता धाचा हप्ता कर की. लवकर फिटंल." मी म्हणायची, बघू. प्रत्येक महिन्याला पाच पाठवून आणखी पाच मी कार्बाइडच्या एका रिकाम्या डब्यात टाकत होते. एकदम फेडण्याइतके पैसे मागच्या दिवाळीतच माझ्याकडे जमले होते. तरी मी पाचच पाठवत राहिले. का, ते लिहायला हवं असं नाही. फिटले की कार्ड येणार नव्हतं, एवढं मला कळत होतं.

मेस्त्रींनाही कळलं असावं. एका कार्डात त्यांनी लिहिलं, "वैनी, इस्पितळाची वीस भांडी झाली म्हणता आणि हप्ता पाचच. मला हिशेब येतो." पुढे काही नाही. मी त्या महिन्यात लाजून सवालच लिहिला नाही. तरी कार्ड आलं. "सवाल राहिला," एवढंच.

एकवीस हप्ते झाले. मग त्यांच्या कारखान्यातला एक लेथवाला सासुरवाडीला साताऱ्यात आला होता, तो एक डबा झाळायला दुकानात आला. बोलता बोलता म्हणाला, "मेस्त्रीस्नी बंगळूरचा कागद आलाय. ती अमेरिकन मशीन तितं तशीच पडलीया, चालवणारा मानूस गावंना. बोलावलंय. पर भाडं हाय, अन् म्हैनाभर बिनपगारी शिकाऊ ऱ्हायचं. साठ-सत्तर तरी गाठीला पायजेत."

मालकांनी विचारलं, "मग कवा निघनार?"

"न्हाई निघत. म्हनत्यात, पैसं एका ठिकानी गुतल्यात, पुढल्या साली बघू. आता पुढल्या सालापातुर कोन ती जागा धरून ठेवतंय?"

एकशे साठातले पंचावन्न राहिले होते. पाचच्या हिशेबाने अकरा महिने. पुढचं साल. मी ज्योत बंद केली. हातातलं काम अर्धं होतं, आणि अर्धं टाकायचं नाही हा त्यांचा नियम, पण माझ्याने पुढे होईना.

लेथवाला गेल्यावर मी डबा काढला. मालक म्हणाले, "मला वाटलंच हुतं, कार्बाइडला एवढा आवाज नसतो." मग म्हणाले, "मनिऑर्डरीला आठ दिस जातील. तूच जा. माझ्यानं मोटारीची धूळ सोसत न्हाई."

मी एकटी कधी प्रवास केला नव्हता. सकाळच्या मोटारीत दोन बायांच्या मधे बसले. कराड गेलं, इस्लामपूर आलं, दोन्ही बाजूंना ऊस. पैसे चोळीत होते आणि दर थांब्याला मी ते चाचपत होते. मनात एकच होतं, उशीर तर झाला नसेल. आणि त्याच्या खाली दुसरं एक होतं, की झाला असला तर बरं. ते मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

मेस्त्री वेळेत बंगळूरला गेले, हे आधीच लिहून टाकते. आठ दिवसांनी निघाले असं त्या लेथवाल्याने कळवलं. तिथे त्यांच्या हातात ती मूठ आली का, ठिणगी अजून गुणगुणते का, हे मला कळलं नाही. कार्ड आलं नाही. यायचं कारणही उरलं नव्हतं. काम करताना कधीकधी सांधा इतका स्वच्छ येतो की मी मान न उचलता थांबते, कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून.

सांगलीत कारखान्यामागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. त्यांच्या खोलीत एक घोंगडं, एक स्टो आणि खुंटीवर ओव्हरकोट. दुपारची सुट्टी होती. मला दारात बघून ते उठून उभे राहिले आणि लगेच जमिनीकडे बघू लागले. "मालकांचं बरं हाय न्हवं?" म्हणाले. मी बरं आहे म्हटलं आणि पैसे घोंगड्यावर ठेवले.

त्यांनी ते मोजले. पुन्हा मोजले. "पंचावन," म्हणाले. "एकदम?"

"व्हय."

"लेथवाला बोलला वाटतं."

त्यांनी नोटा घोंगड्याच्या कडेला सारख्या करून ठेवल्या. बाहेर कारखान्याचं कसलं तरी पाणी सुटत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ते नोटांकडे बघत म्हणाले, "ह्या म्हैन्याचा सवाल?"

मी सवाल आणला नव्हता. आदल्या दिवसापासून दुसरं काही सुचलंच नव्हतं. बोलायचं होतं ते बोलता येणारं नव्हतं. मी विचारलं, "जाड अन् पातळ जोडायचं असंल तर ज्योत कुठं धरायची?"

हे मला पहिल्या सहा महिन्यांपासून येत होतं. मला येतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते उकिडवे बसले, खडूच्या तुकड्याने फरशीवर एक जाड रेघ काढली, तिच्याशेजारी एक बारीक, आणि सावकाश सांगू लागले. ज्योत जाडाकडं झुकती. पातळाला तिची नुसती धग. कळप जाडावर जमवायचा अन् मग पातळाला हाक मारायची. घाई करायची न्हाई, ते येतंय. सगळं, पहिल्यापासून, काही न गाळता त्यांनी सांगितलं. मी मधे मधे व्हय म्हणत होते. सुट्टीचा भोंगा झाला तरी ते थांबले नाहीत.

मग त्यांनी खिशातली वही काढली, एक पान नीट फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि माझ्यापुढे केलं. एकशे साठ रुपये पुरे पावले, बाकी काही राहिली नाही. खाली इंग्रजी सही.